एकसष्ट जणांचं एकच तत्त्वज्ञान

शुक्रवारी दुपारी तीन वाजता आम्रपाली तांबे यांचं शैक्षणिक तत्त्वज्ञान लिहून झालं, तेव्हा सभागृहातल्या उरलेल्या साठ शिक्षकांनी वहीवर तारीखही घातली नव्हती. महाड आणि पोलादपूर तालुक्यांतल्या प्राथमिक शिक्षकांचं ‘शिक्षणाचे तत्त्वज्ञान आणि शिक्षकाची भूमिका’ हे प्रशिक्षण महाडला पाच दिवस चाललं होतं. आज शेवटचा दिवस. ‘माझे शैक्षणिक तत्त्वज्ञान’ या विषयावर शंभर शब्द लिहून पाचच्या आत पोर्टलवर चढवायचे, तरच प्रमाणपत्र.

आम्रपालीबाईंची शाळा उमरठच्या पुढे, डोंगरातल्या एका वाडीवर. पट नऊ. दुसरे गुरुजी गेल्या वर्षी बदलून गेले आणि जागा रिकामीच राहिली. बाई प्रशिक्षणाला गेल्या तर शेजारच्या वाडीवरच्या शिक्षकाने त्यांची शाळा सांभाळावी, असा लेखी आदेश होता. शेजारच्या वाडीवरचे शिक्षक सुशांत सर बाईंच्या मागच्याच खुर्चीत बसले होते. बाईंनी त्यांची शाळा सांभाळावी, असा आदेश त्यांच्याकडेही होता.

“मॅडम, झालं तुमचं?” सुशांत सरांनी पुढे वाकून विचारलं. “ग्रुपवर टाका की. आम्ही नाव बदलून घेतो.”

“सर, हे माझ्या शाळेबद्दल आहे. सगळ्यांना चालणार नाही.”

“पाठाचं टाचण चाललं, वार्षिक नियोजन चाललं, मग तत्त्वज्ञान का नाही चालणार?”

“निदान वाचून घ्या.”

“पाचला लिंक बंद होते, मॅडम. वाचायला वेळ कुठाय?”

बाईंनी मजकूर ग्रुपवर टाकला. सत्तेचाळीस अंगठे आले, दोन नमस्कार आले. वाचलं मात्र एकानेही नव्हतं.

मजकूर असा होता: ‘शिक्षक वर्गात असला पाहिजे, एवढेच माझे तत्त्वज्ञान आहे. त्यापुढचे मला अजून परवडलेले नाही. माझ्या शाळेचा पट नऊ आहे. मी एकटी शिक्षिका आहे. गेले पाच दिवस शाळा बंद आहे, कारण मुलाला शिक्षणाच्या केंद्रस्थानी कसे ठेवावे हे शिकायला मी महाडला आले आहे.’ पुढे असंच आणखी थोडं.

साडेचार वाजता बाईंचा फोन वाजला. शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष कुशाबा. नऊ मुलांतली तीन त्यांची नातवंडं. बाई व्हरांड्यात गेल्या.

“बाई, आज पन कुलूप हाय.”

“काका, प्रशिक्षण आहे ना.”

“कसलं?”

“कसं शिकवायचं, त्याचं.”

“बारा वर्सं शिकवताय तुमी. मंग इतकी वर्सं काय करीत हुता?”

बाईंना हसू आलं. कुशाबांना आलं नाही.

“पोरं पयलं दोन दिवस पायरीवर येऊन बसली. आता बसत पन नाय. माझा ल्योक दीपक एमायडीसीतनं रोज फोन करतोय. पोलादपूरच्या इंग्लिश शाळेची गाडी उमरठपर्यंत येते म्हनतो, पोरांना घाला त्यात. मी त्याला थोपवून धरलाय. उद्याची अर्धी शाळा सोडा, पन सोमवारी शाळा उघडी दिसली नाय तर तीन दाखले काढनार. मंग माझ्यावर राग नको.”

तीन गेले की पट सहा. सहाच्या शाळेचं पुढे काय होतं, हे दोघांनाही ठाऊक होतं. शेजारच्या खोऱ्यात तशा दोन इमारतींत आता गवत ठेवतात.

“सोमवारी दहा वाजता शाळा उघडी असेल, काका. शब्द देते.”

त्याच संध्याकाळी पोर्टलने गोषवारा काढला आणि तो वरच्या कार्यालयात पोचला. त्यानुसार दोन तालुक्यांतल्या एकसष्ट शाळांचा पट प्रत्येकी नऊ होता, प्रत्येक शाळेत एकच शिक्षिका होती आणि सर्व शाळा पाच दिवस बंद होत्या. या शिक्षिकांपैकी अडतीस जणांना मिशा होत्या, पण गोषवाऱ्यात तसा रकाना नव्हता. रात्री नऊ वाजता वरून विचारणा आली की एकसष्ट शाळा जवळच्या मोठ्या शाळांत विलीन करण्याचा प्रस्ताव अजून का आला नाही. साडेनऊला विस्तार अधिकारी पार्टेसाहेबांनी सगळ्यांना दुसऱ्या दिवशी सकाळी महाडला बोलावलं. शनिवारची सकाळची शाळा त्यामुळे एकसष्ट ठिकाणी खरोखरच बुडाली.

“हे आंदोलन आहे का?” पार्टेसाहेबांनी विचारलं. “असेल तर तसं सांगा. आंदोलनाचा फॉर्म वेगळा असतो.”

सगळ्यांनी वह्या उघडल्या.

“सर, तुमच्या शाळेचा पट किती?” त्यांनी सुशांत सरांकडे बोट केलं.

“बावीस, साहेब.”

“आणि लिहिलंय नऊ. तुम्ही एकटी शिक्षिका आहात?”

“नाही, साहेब.”

“कुठली एक गोष्ट नाही? एकटी, की शिक्षिका?”

मागे कोणीतरी हसलं आणि खोकल्याचं सोंग केलं. पार्टेसाहेबांनी छापील खुलाशांचा गठ्ठा पुढे सरकवला. ‘सदर मजकूर माझा नाही. प्रशिक्षणकाळात माझी शाळा पर्यायी व्यवस्थेद्वारे नियमित सुरू होती.’ खाली सहीची रेघ. साठ जणांनी दहा मिनिटांत सह्या केल्या. गठ्ठ्यात एक कागद उरला.

“साहेब,” आम्रपालीबाई म्हणाल्या, “मजकूर माझाच आहे. आणि खराही आहे.”

पार्टेसाहेबांनी चष्मा काढला. माणूस वाईट नव्हता. सतरा वर्षं त्यांनीही डोंगरातल्या शाळेत काढली होती.

“बाई, खरा आहे हे मला माहीत आहे. पण तुम्ही एकट्याच खऱ्या राहिलात तर शाळा बंद ठेवल्याबद्दल चौकशी एकट्या तुमचीच लागेल. सोमवारपासून रोज इथे येऊन बसावं लागेल. सही केलीत तर आत्ता घरी.”

“आणि सोमवारी?”

“सोमवारी शाळेत. अजून कुठे?”

सुशांत सर हळूच म्हणाले, “टाका ना सही, मॅडम. माझी शाळा तुम्ही चालवलीत, असं मीही लिहून दिलंय.”

बाईंनी कागद दोनदा वाचला. सोमवार डोळ्यांपुढे आणला आणि सही केली. महाडमध्ये ज्यांनी मजकूर लिहिला नव्हता त्यांची संख्या आता एकसष्ट झाली.

दुपारी बाई जीपने पोलादपूर, उमरठ करत वाडीकडे निघाल्या. सोमवारचं कुशाबांना समोर बसून सांगायचं होतं. आठवडाभराची धूळही काढायची होती. जीप शेवटचा चढ चढत असताना ग्रुपवर आदेश आला. सर्व एकसष्ट प्रशिक्षणार्थींनी सादर केलेला मजकूर स्वतःचा नसल्याचे लेखी मान्य केले असल्याने त्यांचे प्रशिक्षण अपूर्ण समजण्यात येत आहे. पुनर्प्रशिक्षण सोमवारपासून पाच दिवस. विषय: शिक्षकाची स्वतंत्र विचारक्षमता. गैरहजर राहणाऱ्यांचा खुलासा ग्राह्य धरला जाणार नाही.

ग्रुपवर त्यालाही अंगठे येऊ लागले.

कुशाबा शाळेच्या पायरीवरच बसले होते. बाईंनी त्यांना आदेश वाचून दाखवला. ते चिडतील अशी बाईंची अपेक्षा होती. चिडले असते तर बरं झालं असतं.

“म्हनजे सोमवारी नाय.”

“नाही, काका.”

“मंग दाखले लिवा. दीपकला काय सांगू आता मी?”

बाईंनी शाळा उघडली, दाखल्यांचं पुस्तक काढलं. नाव, जन्मतारीख, वर्तणूक चांगली, प्रगती समाधानकारक. तिन्ही दाखल्यांवर इथपर्यंत हात सरळ चालला. ‘शाळा सोडण्याचे कारण’ या रकान्यापाशी तो थांबला.

“लिवा की,” कुशाबा म्हणाले. “शाळा बंद हुती म्हनून. खरं तेच लिवायचं.”

“तसं लिहिता येत नाही, काका.”

“का नाय?”

“शाळा रोज सुरू होती, असं मी सकाळी लिहून दिलंय.”

कुशाबांनी नऊ रिकाम्या जागांकडे एकदा पाहिलं. बाईंनी तिन्ही रकाने भरले आणि पुस्तक त्यांच्यापुढे फिरवलं. कुशाबा चौथीपर्यंत याच खोलीत शिकले होते. बोट टेकवत त्यांनी अक्षर अक्षर लावून वाचलं.

“पालकांच्या... विनंतीवरून.” बोट त्यांनी त्या शब्दांवरच ठेवलं. “माझी इनंती शाळा उघडा अशी हुती, बाई.”

बाईंनी पेन पुढे केलं.

“कुठं करू सही?” कुशाबांनी विचारलं.