मावशींची उडी

रुग्णांना उचलणाऱ्या सर्व कर्मचाऱ्यांची स्नायुशक्ती तपासण्यात यावी, असे परिपत्रक इस्पितळात सोमवारी निघाले आणि बुधवारी यंत्र आले. हा क्रम कार्यालयाने आवर्जून पाळला होता. एरवी यंत्र आधी येते आणि ते कशासाठी आले, हे सांगणारे परिपत्रक पुढच्या वर्षी.

पुरुषांच्या वॉर्डात मावशींना एकतीस वर्षे झाली होती. ज्यांना स्वतःहून हलता येत नाही त्यांना हलवणे, हे त्यांचे काम. स्ट्रेचरवर घ्यायचे, उठवून बसवायचे, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची. बाई चणीने लहान, गुडघे कुरकुरणारे. पण नव्वद किलोचा माणूस अशा वळवत की झोपलेला जागा होत नसे. अकरा नंबरच्या खाटेवर घड्याळजी होते, लकव्याने डावे अंग गेलेले. ते म्हणत, "मावशी, घड्याळाचा काटासुद्धा इतका अलगद सरकत नाही."

यंत्र म्हणजे एक चटई. तिच्यावर उभे राहून उडी मारायची, की शेजारच्या पडद्यावर आकडा उमटे. तपासनीस तरुण होता आणि त्याच्या गळ्यात शिट्टी होती.

"मारा उडी."

"ती कशाला?" मावशींनी विचारले. "पेशंट द्या, उचलून दाखवते."

"मावशी, ती झाली नुसती ताकद. आम्हाला हवी शक्ती. शक्ती म्हणजे ताकद गुणिले वेग. तुम्ही हत्ती उचला, पण हळू उचललात की आकडा पडला."

"अहो, पण माणूस हळूच उचलायचा असतो."

तपासनीसाने तक्ता वरपासून खालपर्यंत पाहिला. "तसा रकाना नाही."

मावशींनी चपला काढल्या आणि उडी मारली. चाळीसेक वर्षांनी मारलेली उडी ती. यंत्राने तिचे सात सेंटिमीटर मोजले. कागदावर शेरा पडला: 'रुग्ण हलवण्यास अशक्त.' मग यंत्राचे अवजड खोके वरच्या मजल्यावर कोणी न्यायचे, असा प्रश्न आला. ते मावशींनीच नेले.

तपासणीत पहिला आला जावक टपालाचा कारकून. कॉलेजात व्हॉलीबॉल खेळलेला गडी. बावन्न सेंटिमीटर उडाला. नियमानुसार तो वॉर्डात आला आणि मावशी पाकिटांवर शिक्के मारायला टपालात गेल्या. कारकुनाला तीन दिवसांचे प्रशिक्षण मिळाले. त्याचे सार एवढेच, की जोर झटक्यात लावावा.

चौथ्या दिवशी त्याने घड्याळजींना झटक्यात उचलले. घड्याळजी मधली खाट वगळून थेट पलीकडच्या कठड्यावर आदळले, आणि कारकुनाच्या कमरेत अशी उसण भरली की त्याला बारा नंबरच्या खाटेवर आडवे करावे लागले. वॉर्डात हलवायची माणसे एकाने वाढली, हलवणारे कोणी उरले नाही.

चौकशी समिती बसली. यंत्राने प्रमाणित केलेला कर्मचारी चुकणे शक्य नाही. सबब, उचलले जाताना रुग्णानेच आपली शक्ती लावली नाही, असा निष्कर्ष निघाला. यापुढे रुग्णांचीही तपासणी करावी, असे ठरले. चटई अकरा नंबरच्या खाटेपाशी आली.

"आजोबा, उडी मारा."

"उडी मारता आली असती," घड्याळजी सावकाश म्हणाले, "तर घरी नसतो का गेलो?"

"तेच तर. ज्यांना उडी मारता येते, त्यांनाच उचलणं सुरक्षित असतं."

खाटेला पाटी लागली: 'उचलण्यास अपात्र.'

दुसऱ्या दिवशी घड्याळजींची मुलगी अधीक्षकांपुढे जाऊन उभी राहिली. "साहेब, बाबांना कालपासून कुणी कुशीवर वळवलेलं नाही."

"कसं वळवणार? ते अपात्र आहेत. त्यांना थोडा सराव करायला सांगा."

ती तडक टपालाच्या खोलीत गेली. "मावशी, बाबांची पाठ लाल झालीय."

मावशींनी शिक्का खाली ठेवला. "साहेब जेवायला कधी जातात?"

"एकला. दारावर लिहिलंय."

एकच्या ठोक्याला मावशी काखेत पाकिटांचा गठ्ठा घेऊन वॉर्डात शिरल्या. सिस्टरने त्यांना पाहिले आणि खिडकीबाहेर बघायला लागली. मावशींनी घड्याळजींच्या खांद्याखाली हात घातला, गुडघ्यात वाकल्या, आणि माणूस कुशीवर आला. मग त्यांनी बारा नंबरकडे पाहिले. कारकून ओशाळला होता, पण त्यालाही वळवले.

"कसं जमतं हो तुम्हाला?" त्याने विचारले.

"घाई करत नाही, बाबा."

त्या दिवसापासून इस्पितळाचे टपाल दर दोन तासांनी पुरुषांच्या वॉर्डातून जाऊ लागले. संध्याकाळनंतरचे वळवणे सिस्टरने आणि मुलीने मिळून सांभाळले. कसे धरायचे, ते मावशींनी शिकवले होते. महिनाअखेरीस वॉर्डात एकाही पाठीला जखम नव्हती. अधीक्षकांनी याचे श्रेय यंत्राला दिले आणि आणखी सव्वीस यंत्रांची मागणी नोंदवली.

घड्याळजी काठी टेकत उभे राहू लागले तेव्हा त्यांना घरी सोडायचे ठरले. मुलीपुढे अभिप्रायाचा फॉर्म आला. 'शक्ती-तपासणीचा रुग्णास लाभ झाला काय? होय / नाही. उत्तर नाही असल्यास रुग्णास प्रत्यक्षात कोणी हलवले, त्या व्यक्तीचे नाव लिहावे.'

मुलीने मावशींचे नाव लिहायला पेन उचलले.

"होय लिही," घड्याळजी म्हणाले. "माझ्या खाटेवर उद्या दुसरा कुणी येईल. त्याला मावशी लागतील."

तिने 'होय'वर खूण केली. वॉर्डातल्या सगळ्यांच्याच घरच्यांनी, याच कारणाने, तिथेच केली. नातेवाईक शंभर टक्के समाधानी, अशी बातमी छापून आली. सोबत चटईचा फोटो होता. तुम्हीही ती वाचली असेल, 'चला, कुठेतरी काहीतरी बरं चाललंय' म्हणून पान उलटले असेल. त्याला काही फारसा जोर लागला नसेल.