धुतलेला हत्ती

खोटं बोलत असेन तर जीभ झडो. यातला शब्द न् शब्द खरा आहे. ज्याला पटत नसेल त्यानं आत्ताच उठावं, मागाहून कुरकूर नको.

बोलपट नुकते बोलायला लागले होते तेव्हाची गोष्ट. हॉलिवूडात एका लाँड्रीच्या डोक्यावर क्रम्पसाहेबाचा कार्टूनचा कारखाना होता. साहेब असा चिक्कू की शिंक आली तर अर्धी उद्याला ठेवायचा. माडीवर पुरुष बसून चित्रं काढायचे आणि खालच्या खोलीत पांढरे हातमोजे घालून बायका रंग भरायच्या. त्यातली व्हर्ना पिकेट चार वर्षं उंदीर-हत्ती रंगवत होती आणि चार वर्षं एकच मागणं मागत होती, "मला माडीवर टेबल द्या. मला चित्र काढता येतं."

"बाईमाणसाला विनोद सुचत नाही," साहेब म्हणायचा.

"सुचतो की," शेजारची म्हातारी ओपल ब्रश झटकत म्हणायची, "पण पगार बघितला की विसरायला होतो."

ऑगस्टात सर्कशीचं कार्टून संपत आलं. शुक्रवारी दुपारी लिंडक्विस्टसाहेब ते बघायला येणार होते. चाळीस थिएटरांचे मालक, पण हसणं माहीत नाही. त्यांचे दात बायकोनं लग्नाच्या फोटोत पाहिले तेवढेच. त्यांनी कार्टून घेतलं नाही तर कारखान्याला टाळं.

आणि मंगळवारी साहेबानं बायकांचा एकुलता एक पंखा उचलून आपल्या खोलीत नेला. रंग वाळेना. हत्ती दोरीवरून चालतो त्याची चारशे चित्रं होती, पारदर्शक तावांवर काढलेली. ती चिकचिकायला लागली. मोरीजवळचा दगडी कट्टा गार होता, म्हणून व्हर्नानं ताव तिथं नेऊन मांडले आणि ओपलबरोबर सँडविच खायला खाली गेली.

आता त्या कारखान्यात जुने ताव धुऊन परत वापरायची पद्धत होती. अन् धुवायचे ताव ठेवायची जागा कुठली? मोरीजवळ.

दोघी परत आल्या तर चारशे ताव आरशासारखे लख्ख. मोरीत राखाडी पाणी गोल गोल फिरत होतं. हत्ती गटारातून समुद्राला निघाला होता.

"मोरीजवळ ठेवले कुणी?" साहेब खिशात हात घालून ओरडला.

"मी ठेवले. पण धुतले कुणी?"

"ते नंतर बघू. शुक्रवारपर्यंत काम कर. मग तुला रजा, कायमची."

साहेब गेल्यावर ओपल म्हणाली, "एवढ्या उकाड्यात खिशात हात घालून कोण फिरतं गं?"

व्हर्नाचं लक्ष नव्हतं. चारशे हत्ती तीन दिवसांत होणं शक्य नव्हतं. पण हत्तीची टोपी, छत्री आणि चार बूट वेगळ्या तावांवर होते. ते वाचले होते. तिनं उगाच एक संच दोरीच्या चित्रावर ठेवून बघितला. दोरी पार जमिनीपर्यंत वाकलेली, आणि तिच्यावरून चार बूट, वर टोपी, बाजूला छत्री, आपापले चाललेले.

ओपलनं बघितलं आणि हसून हसून तिला उचकी लागली.

"हसू नकोस, पेन्सिल दे," व्हर्ना म्हणाली.

तिनं एक जादूगार काढला. तो कांडी फिरवतो, हत्ती गायब होतो, आणि कांडी मोडते. आता हत्ती परत आणायचा कसा? बस, एवढंच. ओपलनं कॅमेरेवाल्याला पीचचा केक चारून फितवलं, आणि फिल्म तयार.

शुक्रवारी दुपारी खोलीत अंधार केला. पडद्यावर कांडी फिरली, हत्ती गायब झाला. बूट दोरीवर चढले. लिंडक्विस्टसाहेबांनी घड्याळ बघितलं. बूट खाली उतरले, न दिसणारा हत्ती सर्कसवाल्याच्या मांडीवर बसला, आणि सर्कसवाल्याची चपाती झाली. कुठूनतरी किटली उकळल्यासारखा आवाज यायला लागला. मग लिंडक्विस्टसाहेब फुटले. जाकिटाची बटणं उडाली, एका बटणानं दिवा फुटला, खुर्ची मोडली, आणि खालच्या लाँड्रीतल्या बायका कपडे टाकून वर बघायला आल्या.

"परत लावा," ते जमिनीवरूनच म्हणाले. तीनदा बघितलं. मग डोळे पुसत विचारलं, "हत्ती नाहीसा करायची अक्कल कुणाची?"

दुसऱ्याचं श्रेय लाटायची सवयच ती. क्रम्पसाहेबानं छाती काढली. "माझीच. या हातांनी धुतला मी हत्ती." आणि तीन दिवसांत पहिल्यांदा हात खिशातून बाहेर काढले. नखं अजून राखाडी होती.

"हां," ओपल म्हणाली.

व्हर्ना शांतपणे पुढं आली. "मग साहेब, मला काढलंत ते कशाबद्दल?"

साहेब छताकडे बघायला लागला.

"आणि तो जादूगार कुणी काढला?" लिंडक्विस्टसाहेबांनी विचारलं.

"मी."

"बरं," ते टोपी घालत म्हणाले. "मला अशी आणखी सहा हवीत. काढायला ही बाई. धुवायला तुम्ही आहातच."

सोमवारी माडीवर, खिडकीपाशी, व्हर्नाचं टेबल लागलं. आणि साहेबानं पंखा स्वतःच्या हातानं उचलून बायकांच्या खोलीत आणून ठेवला, माफीसुद्धा मागितली.

तर असं. शब्द न् शब्द खरा.

बरं, पंख्याचं तेवढं मी घातलं. साहेब कसला आणून देतोय. व्हर्ना त्याच्या खोलीत गेली, तो पंख्याखाली बसलेला असतानाच पंखा बंद केला, आणि काखोटीला मारून घेऊन आली. बटणानं दिवा फुटला ते मात्र खरंच.