तीन ढिले लायनर

भगवानजींच्या ट्रॅक्टरचं इंजिन दशरथरावांच्या अंगणात उघडं पडलं, त्याला आज चौथा दिवस होता, आणि आदर्श नगरातली ती गल्ली चार दिवस पाण्यावाचून होती. कारण गल्लीचा टँकर तोच ट्रॅक्टर ओढायचा. "दोन दिवसांत करून देतो," असा शब्द दशरथरावांनी आपणहून दिला होता. रेल्वेच्या इंजिनदुरुस्तीच्या डिझेल शेडमधून निवृत्त होऊन त्यांना दोन वर्षं झाली होती, आणि एवढ्या दिवसांत कोणी त्यांना साधा गळका नळसुद्धा दाखवला नव्हता. त्यामुळे हा शब्द त्यांना जिवापेक्षा मोठा वाटत होता.

घोडं अडलं होतं लायनरपाशी. लायनर म्हणजे पिस्टन जिच्यात वर-खाली होतो ती बिडाची नळी. ट्रॅक्टरला अशा तीन. दशरथरावांनी पहिला नवा लायनर इंजिनाच्या ब्लॉकमधल्या भोकाच्या तोंडावर धरला, हातोडी उचलली, आणि तेवढ्यात लायनर सुळकन आत जाऊन बसला. नुसत्या हातानं! चौतीस वर्षं त्यांनी जे जे बसवलं ते घाम गाळून. फुकटात बसणाऱ्या वस्तूवर त्यांचा मुळीच भरवसा नव्हता.

"अंकलजी, इस मॉडल में ऐसे ही आते हैं. हाथ से बैठते हैं," ते सेट परत घेऊन गेले तेव्हा दुकानदार म्हणाला.

"तो मैं चौंतीस साल गोटियां खेल रहा था क्या?" दशरथराव उखडले आणि दुसरा सेट घेऊन आले. तोही ढिला. तिसरा आणला, तोही तसाच. मग त्यांनी स्वयंपाकघरातली फॉइल आणून लायनरला गुंडाळली. आता मात्र तो घट्ट झाला. इतका, की अर्ध्यावर जाऊन अडकला. हातोडीचे चार घाव घातले, तेव्हा वरची कॉलर, म्हणजे बाहेर आलेली कडाच, तुटून हातात आली.

तेवढ्यात त्यांची बायको रत्नमालाबाई पलीकडच्या गल्लीतून दोन भरल्या बादल्या घेऊन आल्या.

"काय करून राहिले जी? पोळ्यांची फॉइल इंजिनाले?"

"ढिल्ले हायेत वं सारे. काय करू मी?"

"मंग जुने कसे निघाले होते?"

दशरथरावांनी हातोडी खाली ठेवली. जुने तर त्यांनी दोन बोटांनी उचलून काढले होते, आणि झिजून ढिले झाले असतील म्हणून सोडून दिलं होतं. लायनरची कॉलर खाचेत बसते, वरून इंजिनाचं झाकण, म्हणजे हेड, बोल्टांनी आवळलं की ती दाबली जाते. मग लायनर जाईल कुठं? एवढी साधी गोष्ट! बायकोच्या तळहातांवर बादलीच्या कड्यांचे लाल वळ उठले होते. ते पाहून त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यांनी अडकलेला लायनर छिन्नीनं फोडून काढला आणि चौथ्यांदा दुकान गाठलं. या खेपेला दुकानदारानं सेट आधीच काढून ठेवला होता, तेच जास्त लागलं. नवे लायनर अंगठ्यानं बसले. दुसऱ्या दिवशी दुपारी इंजिन धडधडलं, संध्याकाळी टँकर गल्लीत आला आणि बादल्यांपेक्षा माणसंच जास्त जमली.

"पाँच दिन जान लगा दी बाबूजी ने!" भगवानजींनी त्यांच्या गळ्यात हार घातला.

दशरथरावांना राहवेना. "अरे नहीं भाई, काम डेढ़ दिन का था. गलती मेरी थी. लायनर ठीक थे, मैं ही नहीं समझा."

"देखा? इतना बड़ा कारीगर, और ज़रा घमंड नहीं!" भगवानजी गहिवरले. टाळ्या पडल्या. दशरथरावांनी फॉइलचंही सांगितलं, तेव्हा तर दोघातिघांनी वाकून त्यांच्या पायांना हात लावला.

घरात आल्यावर ते हार काढून मटकन खाली बसले. "कोणाले खरंच वाटत नाही वं, का चूक माझी होती."

रत्नमालाबाईंनी त्यांच्यापुढे पाण्याचा गिलास ठेवला.

"मले वाटते ना," त्या मायेनं म्हणाल्या. "माझा पूरा भरवसा हाये तुमच्यावर. चूक तुमचीच होती."

तेव्हा कुठं दशरथरावांच्या जिवात जीव आला.