बत्ती दिसली की बसायचं

सुलतानपुरात आमचे आबा अंधारातून चालता चालता मध्येच खाली बसतात. रस्ता असो, चिखल असो, कोणाच्या लग्नाची वरात असो. लांब शेतात एखादा उजेड हलताना दिसला आणि तो कोणाचा हे कळलं नाही, की धोतर सावरून तिथल्या तिथे बैठक. सोबतच्यालाही मनगटाला धरून खाली ओढतात.

"बस बे खाली! कोनाची हाये ते कळू दे आधी."

मग डोळे बारीक करून पाहत राहायचं. "हां. गजाननची फटफटी. तिचा लाईट डावीकडं मान टाकते. ऊठ आता."

एकदा ते नवरदेवाच्या घोड्यापुढेच बसले. बँड थांबला, घोडा थांबला, व्याही तापले. लांबचा उजेड आचाऱ्याच्या टेम्पोचा आहे हे नक्की झालं, तेव्हाच आबांनी नवरदेवाला लग्नाला जाऊ दिलं. स्वतः मात्र ते बाहेर कधी बॅटरी लावत नाहीत. "आपल्या बत्तीनं दुसरा भरकटते," म्हणतात.

आबा फौजेत होते. फौजेने त्यांना नायक म्हणून घरी पाठवलं. सुभेदार गावाने केलं. नोकरीतली बरीच वर्षं कच्छच्या रणात गेली. तिथे अंधार पडला की मिठाच्या पांढऱ्या जमिनीवर एक उजेड फिरतो. कधी पिवळा, कधी तांबूस. थांबतो, पळतो, माणसाच्या मागे येतो. तिकडचे गुरं राखणारे त्याला चीर बत्ती म्हणतात, म्हणजे भुताचा दिवा. चौकीवर नवा जवान आला की त्याला आधी बसायला शिकवत. बत्तीमागे चालत गेलेला माणूस वाट चुकतो, आणि मिठाच्या पापडीखाली कमरेइतका चिखल असतो.

"जुन्या काळी सिंधच्या फौजा त्या चिखलात फसल्या," आबा सांगतात. "मंग पासष्टात गोळ्या चालल्या, एकाहत्तरात पुन्हा. दरवेळी बत्ती दिसली की आमचे म्हनत त्यांची, ते म्हनत आमची. आन् बत्ती कोनाचीच नाई! अख्ख्या सरहद्दीवर एवढी एकच गोष्ट बिनवारस."

एका थंडीत आबांना ती दिसली. जोडीदार म्हणाला, बस. आबा बसले नाहीत. उठून बत्तीच्या मागे चालू लागले. पुढे बत्ती, मागे आबा, चौकी दिसेनाशी झाली, बत्ती थांबली, आबा तिच्यापासून हातभर अंतरावर पोचले, आणि...

"चाल, भाकर खाऊ," आबा म्हणतात.

मला ही गोष्ट इतकीच माहीत आहे. हेच माझं दुखणं.

मी मूळचा देवगडकडचा. शाळा आठवीत सुटली. बोअरवेलच्या गाडीवर कामाला लागलो आणि सुलतानपुरात तापाने आडवा झालो. गाडीला पुढच्या गावाचं काम होतं, ती निघून गेली. आबांनी मला उचलून त्यांच्या घरी आणलं, दुधात भाकर कुस्करून भरवली, बरा झाल्यावर फाट्यावरच्या वेल्डिंगच्या दुकानात स्वतः नेऊन उभं केलं. "पोरगं पान्यातलं हाये, पन आगीचं काम करीन," असं मालकाला सांगितलं. तेव्हापासून मी त्यांच्याच बाहेरच्या खोलीत राहतो. आबांची बायको वारलेली, मुलगी अकोल्याला. या घरात मी अजूनही कप ठेवताना आवाज करत नाही. कोणीतरी 'झालं आता, निघ' म्हणेल, अशी धास्ती वाटते.

इतकं करणाऱ्या माणसाकडे गोष्टीचा शेवट मागणं बरं दिसत नाही. पण तो बाकी सगळ्यांना मिळत होता!

संध्याकाळी आबांच्या ओट्यावर प्लास्टिकच्या खुर्च्यांची रांग असायची. शाळेतले देशमाने मास्तर, भजनी मंडळातले सोनाजी टाळकरी, भरतीची तयारी करणारा अमोल. मास्तरांना आबांनी सांगितलं की तो चिखलातला वायू पेट घेतो. टाळकऱ्यांना सांगितलं की वाट चुकलेल्या जवानाचा आत्मा, त्यानेच आबांना हाताला धरून चौकीवर आणून सोडलं. अमोलला सांगितलं की चोरट्या मालाचे उंट, गळ्यात कंदील. तिघांची बसस्टँडवर जुंपली. प्रत्येकजण "मले खुद्द आबानं सांगतलं" म्हणून शपथा घ्यायला तयार. मी शेजारी उभा. माझ्याकडे भांडायलासुद्धा शेवट नव्हता.

एक मात्र बरं होतं. शेवट मिळाला की ही मंडळी हळूहळू गळायची. मास्तर दोनचार दिवस आले, मग घरी टीव्ही पाहू लागले. टाळकरी गेले, अमोलही गेला. रिकामी झालेली खुर्ची आबा स्वतः उचलून आत नेऊन ठेवत. दरवेळी मला मनातून गुदगुल्या व्हायच्या. म्हटलं, एक गेला. आता माझाच नंबर.

नंबर लागला नांदुऱ्याच्या सोलरवाल्याचा. फाट्यावर दिव्याचा खांब उभा करायला आला होता. पाणी प्यायला म्हणून ओट्यावर टेकला, आबांनी त्याला चहा पाजला आणि चहा संपायच्या आत शेवटासकट सगळी गोष्ट सांगून टाकली! मी दुकानातून येईपर्यंत तो हसत हसत गाडीला किक मारत होता.

"काय सांगितलं आबांनी?" मी विचारलं.

"अरे, जबरदस्त!" म्हणाला आणि गेला.

त्या दिवशी मी एक फाटक वाकडं जोडलं. मालक म्हणाला, "कोनावर डोये वटारून राह्यला बे?" मी म्हटलं, चष्म्याची काच खराब आहे. ओळख ना पाळख, आणि माझा शेवट घेऊन गेला.

पुढच्याच आठवड्यात भावाचा फोन आला. बंदरावर त्याने बोटींच्या कामाचं दुकान घेतलं होतं, भागीत ये म्हणाला. मी दोन दिवस कुढलो आणि आबांना सांगून टाकलं. म्हटलं, जातो. 'नको जाऊ' असं तेच म्हणतील अशी आशा होती.

"हाव," आबा म्हणाले. "घर ते घरच. जाय."

जायच्या संध्याकाळी मेहकरची एसटी धरायची होती. ओट्यावर दोनच खुर्च्या होत्या. बॅग खांद्याला लावून मी पाया पडलो.

"बस जरा," आबा म्हणाले. "आता जाऊनच राह्यला तं शेवट ऐकून जाय. बत्ती हातभर अंतरावर होती..."

दारातून आतली खुर्च्यांची चवड दिसत होती. सगळ्यात खाली मास्तरांची, सगळ्यात वर अमोलची, तिच्यावरही धूळ. ओट्यावर उरलेली एकच परकी खुर्ची माझी. इतकी वर्षं ती कधी उचलली गेली नव्हती. शेवट ऐकला की लोक उठून जातात, हे आबांना माझ्या कितीतरी आधी कळलं होतं.

"थांबा, आबा. आत्ता नको."

"काऊन? तुलेच तं पाह्यजे होता."

"दिवाळीला सांगा. येईन तेव्हा."

आबांनी माझ्याकडे पाहिलं. "आन् नाई आला तं?"

तेवढ्यात समोरच्या रस्त्यावर लोणारच्या बाजूने उजेड दिसला. आबा खुर्चीवरून उतरून जमिनीवर बसले. "बस खाली. कोनाची हाये, कळत नाई."

त्या रस्त्यावरचा प्रत्येक दिवा आबांना ठाऊक. एसटीचा तर इंजिनाचा आवाजही. मी बॅग काढून त्यांच्याशेजारी बसलो. उजेड वाढत गेला.

मग आबांनीच माझी बॅग उचलून माझ्या मांडीवर ठेवली.

"एसटी हाये," म्हणाले. "ऊठ."

भावाकडे काम चांगलं होतं. आईच्या हातचं जेवण होतं. तरी संध्याकाळी समुद्रात होड्यांचे दिवे हलायला लागले की मी बंदराच्या धक्क्यावर खाली बसायचो, आणि भाऊ विचारायचा, तुझी पाठ दुखते का?

दिवाळीला फाट्यावर उतरलो तेव्हा अंधार पडला होता. सोलरवाल्याचा खांब बंद पडलेला, ते पाहून बरं वाटलं. गावाकडून एक उजेड रस्त्याने डुलत येत होता. बॅटरी होती. धरणाऱ्याला सवय नसावी. ती कधी आभाळात, कधी बाभळीत, कधी स्वतःच्याच धोतरावर.

कोणाची ते मला लगेच कळलं. तरी मी बॅग ठेवून रस्त्यातच खाली बसलो.

"कोन हाये बे तिथं?"

"मी, आबा."

बॅटरी विझली. अंधारात धोतर सावरल्याचा आवाज आला, आणि आबा माझ्याशेजारी येऊन बसले. परतीचं तिकीट काढलंय का, असं त्यांनी विचारलं नाही. मीही शेवट विचारला नाही. अजून विचारलेला नाही.