तांडेलकाकांचं ‘किती?’

तांडेलकाका कुणालाच ‘कसा आहेस?’ असं विचारत नाहीत. ‘किती?’ म्हणतात. कॅन्टीनवाला दमला असेल तर सांगतो, “आज तीनशे नव्वद, काका.” आमच्या बोईसरच्या कारखान्यात ठणठणीत म्हणजे चारशे पंधरा. तेवढं बस व्होल्टेज काकांना हवं असतं.

बस म्हणजे सबस्टेशनमधली तांब्याची जाड पट्टी. साऱ्या मशीन तिच्यावरून वीज घेतात. आमच्या घरात पदवी घेतलेला पहिला मी. परीक्षेपुरतं हे पाठ केलं होतं. समजलं ते काकांकडून, तेही शिव्या खाऊन.

त्या दिवशी डबल शिफ्टने डोळे मिटत होते. काकांना न विचारता मी मोठा कॉम्प्रेसर सुरू केला. बसचं व्होल्टेज कोसळलं, दिवे मंदावले आणि चालत्या मशीन एकामागून एक गप्प झाल्या.

“खाडीत तुझीच एकट्याची होडी हाय काय?” काका ओरडले. “ओहोटी लागली की समद्याच चिखलात बसतात! कॉलेजात पानी दाखवलं नाय काय तुला?”

मग एकेक मशीन उठवत आम्ही दोघे तासभर फिरलो.

काकांची आणखी एक सवय होती. दर तासाला ते कुणाला तरी फोन लावत, “किती?” विचारत आणि मिळालेला आकडा लॉगबुकाच्या समासात लिहीत. दुसऱ्या सबस्टेशनात त्यांचा कुणी दोस्त असावा, असं आम्ही धरून चाललो होतो. त्या गडबडीत तो फोन राहिला.

मी टेबलाशी परतलो तेव्हा त्यांचा मोबाइल वाजत होता. काका अजून पंपांपाशीच होते. मी उचलला.

एक बाई अडखळत म्हणाली, “एकशे... पंच्याण्णव.” मग तिनं जोर लावला. “फोन... का नाय?”

काका आल्यावर मी निरोप दिला. ते खुर्चीत बसले.

“बायको माझी. गावी, दांडीला असते. लकव्याचा झटका आल्यापासून वाचा गेली. डॉक्टर बोलले, बोलतं ठेवा. आता रोज नवीन काय बोलायचं? म्हणून खाटेसमोर व्होल्टमीटर लावला. आकडा तरी रोज बदलतो.” त्यांनी मोबाइल हातात घेतला. “फोन तिनं केला? आपल्या हातानं?”

“हो, काका.”

“आनि आकड्याबिगर बोलली?”

“‘फोन का नाय?’ म्हणाल्या.”

बस चारशे दोनवर उतरली होती. मी तसं सांगितलंही. काकांनी मीटरकडे पाहिलं नाही. समासात तिचा आकडा लिहिला आणि त्याच्यापुढे, सावकाश, ते तीन शब्द.