ससोजीचं लहान रिंगण

एका जंगलात, बाळांनो, सगळं अगदी सुरळीत चाललं होतं. म्हणजे मोठे प्राणी लहान प्राण्यांना खात होते, लहान प्राणी त्यांच्याहून लहानांना खात होते आणि कोणाचीही तक्रार नव्हती. तक्रार करणारे आधीच खाल्ले गेले होते.

एकदा तिथे माणसांची सहल आली. सहल परत गेली तेव्हा मागे राहिली एक चप्पल, वेफर्सची अकरा पाकिटं, एक पत्र्याचा डबा आणि पत्त्यांचा अख्खा कॅट. चप्पल तरसाने खाल्ली. पाकिटं अजून तिथेच पडली आहेत. पत्ते सशाला सापडले.

हो, सशालाच. कोल्ह्याला नाही. कोल्ह्यावर सगळ्यांचा आधीच संशय असतो, म्हणून शहाणा कोल्हा असल्या धंद्यात स्वतः पडत नाही. तो सल्ला देतो आणि सल्ल्याचे वेगळे घेतो.

सशाचं नाव ससोजी. लांब कान, ओले डोळे आणि बोलणं साखरेत घोळलेलं. "हा बिचारा कोणाला काय फसवणार?" असं सगळे म्हणत. आणि खरं सांगतो, त्याने कधीच कोणाला फसवलं नाही. तुम्ही आत्तापासून नाक मुरडू नका. आधी ऐका.

त्या जंगलात पैसे नव्हते, फणसाच्या आठळ्या होत्या. पावसाळ्याचे चार महिने खायला काही मिळत नसे. म्हणून उन्हाळ्यात फणस पिकले की जो तो आठळ्या साठवून ठेवी. हीच त्यांची बेगमी. ज्याची बेगमी नाही त्याला श्रावण दिसत नसे. हे सगळ्यांना ठाऊक होतं, अगदी तरसालासुद्धा.

ससोजीने जांभळीखाली मांडव घातला आणि जमिनीवर एक मोठं रिंगण आखलं. खेळ सोपा होता. रिंगणात एक आठळी ठेवायची. ससोजी तीन पानं तुम्हाला वाटणार, तीन स्वतःला. आपली पानं बघून हिंमत झाली तर आणखी एक आठळी ठेवून खेळायचं, नाही तर पहिली सोडून गप बसायचं. तुमची पानं भारी ठरली तर ठेवल्या तेवढ्या आठळ्या वर मिळणार. ससोजीची भारी ठरली तर तुमच्या त्याच्याकडे जाणार.

या खेळात सगळ्यात हुशार होता बाबल शेकरू. लांब तांबूस शेपटी, तल्लख नजर. हातात जोड वगैरे नसेल आणि राणी किंवा तिच्याहून मोठं पानही नसेल तर बाबल मुकाट्याने पानं मिटवी. दुपारी जेवण झालं की दहा डाव खेळे. कधी दोन आठळ्या वर, कधी दोन खाली. मग उठून घरी जाई. घरी त्याची बायको सुभद्रा होती, दोन पिल्लं होती आणि झाडाच्या ढोलीत तीनशे आठळ्या होत्या.

बाकीचे प्राणीही बाबलचं बघून शहाण्यासारखे खेळू लागले. ससोजी वाळत चालला. शेवटी त्याने कोल्ह्याला बोलावलं.

कोल्ह्याने मांडवाभोवती एक चक्कर मारली. "शेठ, मोठ्या रिंगणाला हात लावू नका. त्याच्या शेजारी एक लहान रिंगण काढा."

"आणि काय करू?"

"ज्याला हौस असेल त्याने त्यात हव्या तेवढ्या जादा आठळ्या ठेवायच्या. त्याच्या तीन पानांत जोड आली तर आठळीमागे एक आठळी वर. एकाच रंगाची आली तर तीन. ओळीने आली तर सहा. तिन्ही सारखी आली तर पंचवीस! आणि मोठ्या रिंगणात तो तुमच्याकडून हरला तरी लहान रिंगणाचं मिळणार."

"म्हणजे हरला तरी जिंकला?"

"पाटीवर हेच लिहा."

"आणि सगळ्यांना सक्ती करू?"

कोल्ह्याने कानांवर हात ठेवले. "अहो, सक्ती केली की प्राणी पळतात. पाटीवर मोठ्या अक्षरात लिहा, सक्ती नाही."

दुसऱ्या दिवशी पाटी लागली. 'हरलात तरी जिंकाल. सक्ती नाही.' शिवाय त्या पत्र्याच्या डब्यासमोर एक माकड बसवलं. लहान रिंगणात कोणाला काही लागलं की माकडाने डबा बडवायचा. काही नाही लागलं तर बडवायचा नाही. तेव्हाही बडवायचा असता तर माकडाला जेवायला सवड मिळाली नसती.

बाबलने पहिल्या दिवशी लहान रिंगणाकडे बघितलंसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी बघितलं. तिसऱ्या दिवशी एक आठळी ठेवली. एक आठळी म्हणजे काय, पिल्लू तेवढी खेळताना हरवतं. जोड आली आणि डबा वाजला. सगळ्यांनी माना वळवून बघितलं. रानडुकराने पाठीवर थाप मारली. इतके दिवस बाबल अक्कलहुशारीने खेळत होता, पण पाठीवर थाप कोणी मारली नव्हती.

त्या दिवसापासून बाबल दोन्ही रिंगणांत खेळू लागला. मोठ्या रिंगणात अजून तसाच जपून खेळे. लहान रिंगणात ठेवायच्या आठळ्या मात्र एकाच्या दोन झाल्या, दोनाच्या पाच झाल्या.

संध्याकाळी घरी आला की सांगे, "आज तीनदा डबा वाजला!"

"आठळ्या किती आणल्या?" सुभद्रा विचारी.

"अगं, तीनदा वाजला! काल दोनदाच वाजला होता."

"अहो, ढोलीचा तळ दिसायला लागला."

"उद्या चारदा वाजेल," बाबल म्हणे आणि शांत झोपे. सुभद्रेला झोप येत नसे. ती पिल्लांच्या अंगावरून हात फिरवत बसे आणि तिचा जीव तुटे. डबा उकडून खाता येत नाही, एवढं तिला कळत होतं.

आता तुम्ही विचाराल, जंगलात शिकलेलं कोणी नव्हतं का? होतं की. घुबडगुरुजी होते. त्यांनी भरदुपारी डोळे किलकिले करून मांडवातच व्याख्यान दिलं.

"चार डावांतले तीन डाव या लहान रिंगणात काहीही येत नाही," गुरुजी म्हणाले. "चौथ्यात येते ती बहुधा साधी जोड. पंचवीसची आशा धरून बसलात तर म्हातारे व्हाल. मोठ्या रिंगणात तुमची अक्कल थोडी तरी चालते. लहान रिंगणात अकलेला कामच नाही. पानं येतील तशी येतील. आणि शंभर आठळ्या ठेवल्यात की त्यातल्या सरासरी सोळा ससोजीच्या बिळात जातात."

टाळ्यांचा कडकडाट झाला. ससोजीनेही टाळ्या वाजवल्या आणि गुरुजींना मानधन म्हणून एक आठळी दिली. गुरुजींनी ती लहान रिंगणात ठेवली. निव्वळ अभ्यासासाठी, असं ते म्हणाले. अभ्यास अजून चालू आहे.

आभाळ भरून यायला लागलं तेव्हा बाबलच्या ढोलीत तीन आठळ्या उरल्या होत्या. तो त्याही घेऊन निघाला. सुभद्रा पिल्लांना पाठीवर घेऊन त्याच्यामागे मांडवात आली. आयुष्यात पहिल्यांदाच ती तिथे पाऊल टाकत होती.

बाबलने एक आठळी मोठ्या रिंगणात ठेवली आणि एक लहान रिंगणात. ससोजीने पानं वाटली. बाबलने पहिलं पान उचललं, सत्ती. दुसरं उचललं, सत्ती. तिसरं उचललं. तीही सत्ती!

तिसरी आठळी त्याने मोठ्या रिंगणात टाकली. ससोजीची पानं किरकोळ निघाली. डबा असा वाजला की पोचे आले. मोठ्या रिंगणाच्या दोन, लहान रिंगणाच्या पंचवीस. ससोजीने हसतमुखाने, एकही कमी न करता मोजून दिल्या. बाबलसमोर तीस आठळ्यांचा ढीग झाला. रानडुकराने त्याला खांद्यावर घेतलं. "बाबलराव! बाबलराव!" असा नुसता कल्ला झाला.

सुभद्रेच्या डोळ्यांत पाणी आलं. "अहो, चला घरी. तीस काही पुरायच्या नाहीत. पण पिल्लांपुरत्या होतील. आपण दोघं साली कुरतडू."

बाबलने ढिगाकडे बघितलं. पिल्लांकडे बघितलं. क्षणभर, बाळांनो, तो खरंच उठला होता. मी तुम्हाला खोटं का सांगू?

"मुळीच घाई नाही, बाबलराव," ससोजी मायेने म्हणाला. "घरी जायचं तर जा. सक्ती नाही."

बाबल खाली बसला. एक आठळी त्याने मोठ्या रिंगणात ठेवली. एक पुढच्या चालीसाठी हातात धरली. उरलेल्या अठ्ठावीस उचलून लहान रिंगणात ओतल्या. सुभद्रेने त्याची शेपटी धरून ओढली. त्याने हिसडा दिला. तिच्या पंजात नुसते तांबूस केस राहिले.

पानं आली. राणी, अठ्ठी, तिर्री. तीन रंगांची.

लहान रिंगणातल्या अठ्ठावीस आठळ्या ससोजीने फडक्याने अलगद ओढून घेतल्या. पण बाबल कसलेला खेळाडू होता. राणी आहे म्हणजे खेळायलाच हवं. त्याने हातातली आठळी मोठ्या रिंगणात ठेवली. ससोजीने आपली पानं उघडली. गुलाम, नव्वी, दुर्री.

"वा! जिंकलात की!" ससोजी म्हणाला. त्याने बाबलच्या दोन आठळ्या परत केल्या आणि वर दोन दिल्या.

बाबल छाती फुगवून बायकोकडे वळला. "बघितलंस? त्याला हरवलं."

सुभद्रेने चार आठळ्या पदरात घेतल्या. पावसाळ्याचे महिनेही चारच होते. मग ती ससोजीसमोर जाऊन उभी राहिली.

"शेठ, एक विचारू?"

"विचारा ना, वहिनी."

"या लहान रिंगणात तुम्ही स्वतः कधी एक तरी आठळी ठेवली का?"

ससोजीचे डोळे आणखी ओले झाले. त्याने पाटीकडे बोट दाखवलं.

"सक्ती नाही ना, वहिनी," तो म्हणाला.

तात्पर्य : धंद्यात नेहमी प्रामाणिक असावे. नियम मोठ्या अक्षरात लिहावेत, पैसे चोख द्यावेत आणि कोणावरही कसली सक्ती करू नये. जे काम चोराला जन्मभर साधत नाही, ते सज्जनाला एका उन्हाळ्यात साधते.