मागितलेली माहिती आईशी संबंधित आहे

माहिती हा लोकशाहीचा प्राण आहे, आणि प्राण ही काही मागेल त्याला काढून द्यायची वस्तू नव्हे. हे तत्त्व ज्यांच्या अंगी पुरते मुरले आहे अशा मोजक्या अधिकाऱ्यांत चेतन ओव्हाळची गणना होते.

चेतन एका सरकारी कार्यालयात जन माहिती अधिकारी आहे. नागरिकाने अर्ज करून काही विचारले की ठरलेल्या मुदतीत त्याला उत्तर देणे हे त्याचे काम. उत्तर द्यायचे असते, माहिती द्यायचीच असते असे नाही. हा बारीक फरक कळायला नवख्या अधिकाऱ्यांची वर्षे जातात. चेतनला तो प्रशिक्षणातल्या चहाच्या सुट्टीतच कळला होता. ‘मागितलेली माहिती या कार्यालयाशी संबंधित नसल्याने आपला अर्ज संबंधितांकडे वर्ग करण्यात येत आहे’ हे वाक्य त्याच्या हातून इतके सफाईने उतरते की अर्जदाराला काहीतरी मिळाल्यासारखे वाटते. (एका पेन्शनर गृहस्थांनी तर आभाराचे पत्र पाठवले होते. त्यांचा अर्ज चार कचेऱ्या फिरून परत चेतनकडेच आला, तेव्हा त्यांनी दुसरे पाठवले.)

घरी मात्र प्रश्नांना कसलीच आडकाठी नव्हती. चेतनचे वडील दशरथ रविवारी सकाळी विहारात मुलांपुढे बोलत, तेव्हा बजावून सांगत, “कोणी सांगितलं म्हणून मानू नका. विचारा. पटलं तर घ्या, नाही पटलं तर सोडून द्या.” आई प्रेमला प्रसूतिगृहात परिचारिका होत्या, निम्म्या कर्वेनगरचे पहिले रडणे त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकले आहे. बायको कल्याणी आयटी कंपनीत, आणि मोकळेपणा हा तर त्या क्षेत्राचा गणवेशच. अशा या पुढारलेल्या घरात सात वर्षांची दीक्षा वाढत होती आणि विचारत होती. पाल पडत का नाही, देव नाही तर सुट्टी का असते, आजोबांच्या कानातले केस कोणी लावले, हे सगळे तिने विचारले आणि तिला सगळ्याची उत्तरे मिळाली.

आता दाराविषयी. दोन खोल्या आणि हॉलच्या घरात, वडीलधारी माणसे असताना, नवरा-बायकोने दिवसा खोलीचे दार लावायचे नसते. लोटायचे असते. लोटलेल्या दारावर कोणी काही बोलत नाही. लावलेले दार म्हणजे जाहीर निवेदन. कडी वाजली की हॉलमध्ये टीव्हीचा आवाज आपोआप वाढतो आणि संध्याकाळच्या चहाला सगळे एकमेकांच्या कपाकडे बघत बसतात. त्यामुळे लग्नाला नऊ वर्षे होऊनही चेतनच्या खोलीची कडी कोऱ्या करकरीत अवस्थेत होती. सुताराने लावली तशी.

त्या रविवारी दुपारी दशरथ आणि प्रेमला येरवड्याला एका बारशाला गेले होते. दीक्षा वरच्या मजल्यावर अलिझाकडे खेळायला गेली होती. वेळ दुपारी एक ते चारच्या दरम्यानची. या वेळेत पुण्यात बेल वाजवणाऱ्याला क्षमा नाही, आणि गिऱ्हाईक दुकानाच्या पायरीवरही उभे राहत नाही. पण ज्याच्याकडे घराची चावी आहे आणि ज्याचे रंगीत खडू आईबाबांच्या खोलीत राहिले आहेत, त्याने काय करावे, याबाबत शहराची परंपरा गप्प आहे.

घर रिकामे होते, तरी सवयीने दार लोटलेलेच होते. दीक्षाने ते ढकलले. तिला पांघरूण दिसले, पांघरुणात गडबड दिसली, आणि आई दचकून ओरडलेली ऐकू आली. तिने दार पुन्हा होते तसे लोटले आणि खडू न घेताच निघून गेली.

संध्याकाळी तिने चेतनला सरळ विचारले, “बाबा, दुपारी तू आईला मारत होतास का?”

इथे एका शब्दाचे उत्तर पुरेसे होते. ‘नाही’ हा शब्द मराठीत फार जुन्या काळापासून उपलब्ध आहे. पण चेतनने विचार केला की ‘नाही’ म्हटले की पुढचा प्रश्न ‘मग काय करत होतास?’ हा येणार. अनुभवी अधिकारी पुढचा प्रश्न उद्भवेल असे उत्तर कधीच देत नाही. त्याने घसा साफ केला आणि म्हणाला, “हे आईशी संबंधित आहे. आईला विचार.”

अर्ज वर्ग झाला.

कल्याणीने मोबाइलमधून मान वर केली. “हे बघ पिल्लू, इट्स अ व्हेरी गुड क्वेश्चन,” ती म्हणाली. “आणि तुला विचारावंसं वाटलं, आय ॲम सो प्राउड. पण ते बाबांनाच जास्त चांगलं सांगता येईल.”

दीक्षा आजीकडे गेली. प्रेमलाआजींनी ज्या गोष्टीचे परिणाम तीस वर्षे दोन्ही हातांनी झेलले होते, तिच्या कारणाविषयी बोलणे त्यांना अवघड गेले. दवाखान्यातले दवाखान्यात, घरातले घरात. त्या तर चपलासुद्धा वेगळ्या ठेवत. “आजोबांना विचार, त्यांचं वाचन मोठं आहे,” त्या म्हणाल्या. आजोबांनी वर्तमानपत्र जरा उंच धरले आणि पलीकडून म्हणाले, “प्रश्न चांगला आहे. विचारत राहायचं.”

अशा रीतीने दीक्षाला एकाच संध्याकाळी चार उत्तरे मिळाली, आणि त्यातल्या एकातही ‘नाही’ नव्हते. ज्या गोष्टीला घरातले एकही मोठे माणूस नाही म्हणत नाही, ती खरी असते. आजोबांच्या शिकवणीप्रमाणे तिने विचारले होते, आणि तिला पटले.

त्या दिवसापासून तिने आईची राखण सुरू केली. आई स्वयंपाकघरात गेली की ही ओट्याशी. आईबाबा सोफ्यावर बसले की ही मधे येऊन बसे, तीही पाय पसरून. रस्ता ओलांडताना ती चेतनचे बोट धरीनाशी झाली. जेवताना त्याच्या चेहऱ्याकडे न बघता त्याच्या हाताकडे बघे, आणि वाढायला म्हणून त्याने हात पुढे केला की तिचे खांदे आपोआप वर जात. चेतन हे रोज पाहत होता. आयुष्यात कोणावर साधा आवाजही चढवला नव्हता या माणसाने. तरीपण त्याने काही सांगितले नाही. माहितीच्या देवाणघेवाणीत घाई करू नये, असे त्याला वाटत होते. खरे तर त्याला लाज वाटत होती.

मग दीक्षाने अपील केले. घराबाहेर, थेट अलिझाच्या आईकडे. “रझियाआंटी, तुमच्याकडे पण बाबा दुपारी आईला मारतात का?”

रझिया शहाणी बाई. तिने त्याच संध्याकाळी कल्याणीला जिन्यात गाठले आणि हात हातात घेऊन म्हणाली, “कल्याणी, मी तुला बहिणीसारखी आहे. काही त्रास असेल तर मोकळेपणानं सांग.”

कल्याणीला सगळा प्रकार उमगला. एका वाक्यात नवऱ्याचे नाव साफ करता आले असते. ते वाक्य तिच्या ओठांपर्यंत आले, तिथे त्याने इकडेतिकडे बघितले आणि ते परत फिरले. “नाही हो,” ती खाली बघत म्हणाली, “तसं काही नाही.”

मार खाणारी प्रत्येक बाई नेमके हेच, खाली बघत म्हणते. रझियाने तिचा हात आणखी घट्ट दाबला.

इमारतीत बिऱ्हाडे चव्वेचाळीस, आणि त्यांत मिळून मुले एकोणसाठ. (ही मुले कशी झाली असावीत याबद्दल चौकशी केली असता, एकाही बिऱ्हाडाने नक्की काही सांगितले नाही.) दोन दिवसांत सर्वांना कळले की ओव्हाळांचा चेतन बायकोला मारतो. लिफ्टमध्ये बायका त्याच्याकडे पाठ करून उभ्या राहू लागल्या. पुरुष मात्र पूर्वीपेक्षा जरा अदबीने वागू लागले, हे नमूद करायला हवे.

सोसायटीचे अध्यक्ष श्यामसुंदरकाका त्याला पार्किंगमध्ये बाजूला घेऊन गेले. “हे पाहा ओव्हाळ,” ते म्हणाले, “नवरा-बायकोत हे व्हायचंच. आम्हीही तरुण होतो. माझं म्हणणं एवढंच, की मुलांसमोर नको. दार लावून घेत चला.”

या सूचनेतला एकही शब्द खोडून काढण्यासारखा नव्हता. चेतनने मान डोलावली आणि काकांनी त्याची पाठ थोपटली.

त्या रात्री नवरा-बायको कुजबुजत बोलले. (मधे दीक्षा झोपलेली होती, आडवी.)

“खरं काय ते सांगून टाकू या रझियाला,” चेतन म्हणाला.

“काय सांगू? एक्झॅक्टली काय शब्द वापरू, तूच सांग,” कल्याणी म्हणाली.

चेतन बराच वेळ शब्द शोधत राहिला. मारहाणीसाठी शब्द ढीगभर होते. कलमे होती, हेल्पलाइन होती, समजुतीला येणारे काका होते, जिन्यात हात दाबणारी शेजारीण होती. नवऱ्याने बायकोला जवळ घेतले या घटनेसाठी मात्र चारचौघांत उच्चारता येईल असे काहीच सापडेना. शेवटी दोघांचे एकमत झाले की हे असेच राहू द्यावे. लोक काय, दोन दिवस बोलतील. मारकुटा म्हणून राहणे त्यातल्या त्यात सभ्य होते.

हे असेच राहिलेही असते. पण शनिवारी दीक्षाचे दप्तर रिकामे करताना चेतनला त्यात तिचा एक फ्रॉक, आईची ओढणी, ग्लुकोज बिस्किटांचा पुडा आणि भरलेली पाण्याची बाटली सापडली. दीक्षा दारात उभी राहून बघत होती. “मांजरीला जायचंय,” ती म्हणाली. मांजरीला कल्याणीचे माहेर. “मी आणि आई. तू नको.”

चेतन तसाच फरशीवर बसून राहिला. त्याला रडू आले आणि त्याने ते आवरले नाही, कारण आता कोण बघतेय याचा विचार करण्याच्या पलीकडे तो गेला होता. मग तो उठला आणि म्हणाला, “चल. गाडीवरून एक चक्कर मारू.”

दीक्षा पूर्वी स्कूटरवर मागे बसून त्याच्या कमरेला मिठी मारायची. आता ती मागच्या कठड्याला धरून बसली. कर्वेनगरच्या चौकात सिग्नल लाल झाला. समोरासमोर बसून जे जमले नव्हते ते तिच्याकडे पाठ करून जमेल, असे चेतनला वाटले. हेल्मेट घातलेला माणूस आपण ओरडतो आहोत हे विसरतो, एवढेच त्याच्या ध्यानात आले नाही.

“दीक्षा, मी आईला मारत नव्हतो.”

“मग काय करत होतास?”

शेजारच्या स्कूटरवरच्या आजोबांनी इंजिन बंद केले. पेट्रोल वाचवण्यासाठी असावे.

“आम्ही जवळ आलो होतो. मोठी माणसं येतात. दोघांना आवडतं म्हणून.”

“आई ओरडली.”

“तू एकदम आलीस म्हणून दचकली. तिला लागलं नव्हतं. दार लावायचं राहिलं, ती आमची चूक. तुझी नाही.”

दीक्षाने जरा विचार केला. “आई ‘नको’ म्हणाली असती तर?”

“तर मी थांबलो असतो.”

“लगेच?”

“लगेच.”

“मग त्या दिवशी विचारलं तेव्हा का नाही सांगितलंस?”

“मला लाज वाटली,” चेतन म्हणाला. कार्यालयीन कारकिर्दीत त्याने दिलेली ही पहिली पूर्ण माहिती.

मागून दोन छोटे हात आले आणि त्याच्या पोटावर एकमेकांत अडकले. चेतनला इतके बरे वाटले की सिग्नल हिरवा झालेला त्याला कळलाच नाही.

“बाबा, मग बाळ असंच होतं का?”

मागच्या गाड्यांनी हॉर्न लावले. “घाई काय आहे?” शेजारचे आजोबा मागे वळून त्यांच्यावर खेकसले. “माणूस सांगतोय ना!” चेतनने गाडी कडेला घेतली, हेल्मेट काढले, मुलीकडे तोंड केले, आणि या दुसऱ्या प्रश्नाचेही उत्तर दिले. सरळ शब्दांत, मधला काही भाग न गाळता. दीक्षाने ऐकून घेतले, “ई,” म्हणाली, आणि तिला उसाचा रस हवा झाला.

ते उत्तर इथे दिलेले नाही. पुस्तक घरात चार माणसे हाताळतात, आणि लेखकालाही आईवडील आहेत. वाचकाने ते मागितलेलेही नाही. उलट ते टळले म्हणून त्याला हायसेच वाटले असेल. त्याच्याही घरात एखादे सात-आठ वर्षांचे माणूस असेल, त्याने आजवर काही विचारले नसेल, आणि वाचक त्या गप्प बसण्याला त्याचे लहानपण समजत असेल. तसे समजायला काहीच हरकत नाही. त्या माणसाने आपले उत्तर केव्हाच आपल्यापुरते तयार करून ठेवले आहे, आणि त्या उत्तरात तुम्ही कोणाला तरी मारता आहात.